कडधान्यांचं सूप पाणचट का होतं आणि ते भरीव कसं करायचं

तुमची अडचण अशी आहे: मांस, क्रीम, लोणी, चीज यांपैकी काहीही न वापरता, फक्त कडधान्यं आणि भाज्यांचं पोटभरीचं दाट सूप तुम्हाला घरी करायचं आहे. पण केलं की वर पाणी आणि तळाला दाणे असं वेगवेगळं राहतं, चव सपक लागते, मीठ वाढवलं तर नुसतंच खारट होतं आणि राजमा तासन् तास शिजवूनही कधी कधी कचवट राहतो. शेवटी तुम्ही विचारलंय की बाजारचा स्टॉक क्यूब (स्टॉक म्हणजे सूपचा चवदार रस्सा, त्याची तयार वडी) घातला तर हे सुधारेल का.

क्यूबने खारटपणा वाढेल, सूप मिळून येणार नाही. तुमचा खरा स्टॉक त्या भांड्यातच तयार होत असतो. कडधान्य ज्या पाण्यात शिजतं त्या पाण्यात स्टार्च, प्रथिनं आणि सालींमधलं पेक्टिन हळूहळू उतरतं. त्यानेच पाण्याला अंग येतं, चमच्याच्या पाठीवर ते किंचित धरून राहतं. बहुतेक घरांत हे पाणी नुसतं शिजवण्यापुरतं धरतात. दाणे साध्या पाण्यात उकडतात, पाणी ओतून देतात आणि मग दाणे भाज्यांच्या पातळ रश्श्यात सोडतात. असं केल्यावर सूप पाणचट होणारच. भिजवलेलं पाणी टाकून द्या, शिजवलेलं पाणी मात्र ठेवा. याला एकच अपवाद आहे, त्याकडे पुढे येतोच.

सुरुवात भिजवण्यापासून करू, कारण तुमच्या राजम्याचं दुखणं तिथेच आहे. चार-पाच जणांसाठी 250 ग्रॅम कोरडं कडधान्य घ्या. ते 1 लिटर पाण्यात भिजत घाला आणि त्याच पाण्यात साधारण 15 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा मीठ विरघळवा. हे वाचून अनेकजण दचकतात, कारण मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात उलट घडतं. दाण्याची साल आणि पेशींच्या भिंती पेक्टिनने बांधलेल्या असतात आणि त्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांतल्या काहींची जागा घेतं, बांधणी सैलावते आणि साल मऊ होते. साल मऊ झाली की आतला गर फुगताना ती फाटत नाही. त्यामुळे दाणा अख्खा राहतो आणि तरीही लोण्यासारखा शिजतो. मीठ आत शिरल्यामुळे दाण्याला स्वतःची चवही येते. वरून घातलेल्या मिठाने रस्सा खारट होतो आणि दाणा अळणीच राहतो, तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

8 ते 12 तास भिजवा. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबायला लागतं. वेळ नसेल तर राजम्याखेरीज इतर कडधान्य पाण्यात घालून 2 मिनिटं खळखळ उकळा, आच बंद करून झाकून तासभर ठेवा आणि मग पाणी बदला. रात्रभर भिजवण्याची बरोबरी त्याने होत नाही, पण काम भागतं. दाणा भिजला की नाही हे वरून कळत नाही. एक दाणा सुरीने मधोमध चिरा. आतला गर कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाचा दिसला पाहिजे. मधोमध कोरडा, पिठूळ, फिकट ठिपका दिसत असेल तर आणखी दोन तास थांबा. तो ठिपका शिजताना शेवटपर्यंत मागे राहतो आणि खाताना तिथेच कच्चं लागतं. भिजूनही आकाराने तसेच राहिलेले, टणक गणंग दाणे निवडून काढा. ते शिजणार नाहीत आणि एखादा दाताखाली आला की सगळ्या वाटीची मजा जाते.

मीठ निर्दोष असेल तर दाणे कडक कशाने राहतात? तीन कारणं असतात. पहिलं कारण आंबट. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, वाइन यांच्यातल्या आम्लामुळे पेक्टिन विरघळायला वेळ लागतो. अर्धवट शिजलेल्या राजम्यात टोमॅटो पडला की पुढे तो कितीही उकळा, रेंगाळतोच. म्हणून दाणे पूर्ण मऊ झाल्याशिवाय भांड्यात आंबट काहीही जाऊ देऊ नका. दुसरं कारण जड पाणी. त्यातलं कॅल्शियम त्या बांधणीला आणखी आवळतं. तुमच्याकडे किटलीच्या तळाला पांढरा थर बसत असेल तर भिजवायला आणि शिजवायला गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा किंवा शिजवताना पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. सोड्याने दाणे झपाट्याने मऊ होतात. मात्र हात सैल सोडू नका, जास्त झाला तर सूप साबणासारखं लागतं, दाण्यांचा लगदा होतो आणि बी-1 जीवनसत्त्वही नष्ट होतं. तिसरं कारण जुना माल. उष्ण आणि दमट जागी बरेच महिने पडून राहिलेल्या कडधान्याच्या आतल्या रचनेतच बदल होतात आणि मग ते पूर्ण मऊ होतच नाही. दाणे सुरकुतलेले, निस्तेज, पुष्कळसे फुटके असतील तर ते सूपसाठी घेऊ नका. थोड्या वाटणाला चालतील.

आता तो अपवाद. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे कच्चं राहिलं तर बाधणारं एक प्रथिन, भरपूर असतं. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्याचे चार-पाच दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. राजमा किमान 5 तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात घालून खळखळत्या उकळीवर कमीत कमी 10 मिनिटं ठेवा. मी 30 मिनिटं ठेवतो, कारण अर्ध्या तासात दाणा आतपर्यंत तापल्याची खात्री असते. हे पहिलं उकळीचं पाणी टाकून द्यायचं असेल तर खुशाल टाका, पुढच्या शिजण्यात पुरेसा दाटपणा येतो. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा सरळ घालणं धोक्याचं आहे. तिथलं तापमान कित्येकदा उकळीपर्यंत पोचत नाही आणि 80 अंशांच्या आसपास रेंगाळलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढलेला असू शकतो. आधी गॅसवर उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला. पांढऱ्या राजम्यात हे लेक्टिन लाल राजम्यापेक्षा कमी असतं, पण सवय म्हणून त्यालाही तोच नियम लावा. हा एक मुद्दा मी कुणालाही सैल सोडू देत नाही.

शिजवताना भिजवलेले दाणे धुऊन जड बुडाच्या भांड्यात घ्या आणि दाण्यांच्या वर चार बोटं येईल इतकं ताजं पाणी घाला, 250 ग्रॅमला सुमारे दीड लिटर. सोबत अर्धा कांदा, सालीसकट ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, एक तमालपत्र, एक मोठा चमचा तेल आणि अर्धा छोटा चमचा मीठ. उकळी फुटली की वर राखाडी फेस येतो. तो दाण्यांतली प्रथिनं आणि सॅपोनिन यांचा असतो. अपाय काही नाही, पण काढून टाकला तर रस्सा स्वच्छ दिसतो आणि उतू जात नाही. मग आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा फुटेल. मोठ्या उकळीत दाणे एकमेकांवर आपटतात, साल फुटते आणि आतून कच्चा, बाहेरून फाटका असा दाणा मिळतो. झाकण अर्धवट ठेवा. पाणी आटलं तर उकळतं पाणीच घाला.

वेळ प्रत्येक कडधान्याचा वेगळा. भिजवलेला राजमा आणि काबुली चणे तासापासून दीड तासापर्यंत घेतात, जुने असतील तर दोन तास. चवळी पाऊण तासात होते. अख्ख्या मसुराला भिजवावं लागत नाही, अर्ध्या तासात काम होतं. सालं काढलेली मसूर डाळ तर वीस मिनिटांत विरघळते. त्यामुळे वेगवेगळी कडधान्यं एकत्र घालायची हौस असेल तर ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी, मग त्याच भांड्यात दुसरं, अशा क्रमाने घाला. पाकिटातली 'मिश्र कडधान्यं' एकदम शिजवली की काहींचं पीठ होतं आणि काही टणक राहतात. ती मी सूपला कधीच घेत नाही.

प्रेशर कुकर वापरायला काहीच हरकत नाही. आत तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे भिजवलेले चणे साधारण 20 ते 25 मिनिटांत होतात. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, कडधान्याचा फेस वाफेच्या नळीत अडकतो. ते चमचाभर तेल इथेही उपयोगी पडतं, फेस आवरतो. आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ एकदम सोडली तर आतलं पाणी उसळतं आणि दाण्यांच्या साली सुटतात.

शिजलं का हे बघताना एकच दाणा खाऊन निकाल देऊ नका. भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतून पाच दाणे काढा. चमच्यात घेऊन फुंकर मारली की साल सुटून वळली पाहिजे. मग जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाणा दाबा, दात न लावता तो पेस्टसारखा पसरला पाहिजे, कणी लागता कामा नये. पाचही दाणे असे लागले की झालं. चार मऊ आणि एक कणीदार असेल तर आणखी पंधरा मिनिटं द्या. सूपसाठीचा दाणा सॅलडच्या दाण्यापेक्षा एक पायरी जास्त शिजलेला असावा लागतो, घाई बहुतेक इथेच होते.

याच टप्प्यावर दाटपणासाठी माझी आवडती युक्ती आहे. दाणे मऊ व्हायला वीस-पंचवीस मिनिटं उरली असताना मूठभर, म्हणजे 50 ग्रॅम धुतलेली मसूर डाळ त्याच भांड्यात घाला. ती पूर्ण विरघळते, स्वतःची चव फारशी मिरवत नाही आणि रस्सा एकजीव होतो. कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा लावून आणलेला दाटपणा चिकट आणि परका लागतो, तो या सूपला नको.

कडधान्य शिजत असताना दुसऱ्या पातेल्यात चवीचा पाया तयार करा. हा भाग उरकण्यासारखा नाही. तीन-चार मोठे चमचे तेल घ्या. ते जास्त वाटेल, पण या सूपमध्ये चरबीचा दुसरा कोणताही स्रोत नाही आणि मसाल्यांतले, लसणातले बरेचसे सुगंधी घटक तेलातच विरघळतात. दोन कांदे, एक गाजर, मिळाली तर सेलरीची एक काडी, सगळं बारीक चिरून चिमूटभर मीठ घालून मध्यम-मंद आचेवर परता. सुरुवातीची दहा मिनिटं भाज्या पाणी सोडतात, तडतड कमी ऐकू येते. पाणी आटलं की आवाज बदलतो, कडेला सोनेरी रंग धरायला लागतो. तिथून पुढची दहा मिनिटं कांदा गोड आणि खमंग होण्याची. अर्ध्या वाटेवर कांदा पांढरा पारदर्शक झाला की लोक पाणी ओततात आणि पुढे सूपला कच्च्या कांद्याचा वास येतो.

आता लसूण घालून मिनिटभर परता, मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट मधोमध पातेल्याच्या तळाला पसरवा आणि लक्ष ठेवून परतत राहा. पहिल्यांदा ती भडक लाल आणि ओलसर असते, वास आंबट कच्चा येतो. तीन-चार मिनिटांत रंग विटेसारखा गडद होतो, तेल सुटून कडेला केशरी दिसायला लागतं, आंबट वास जाऊन भाजल्याचा गोडसर वास येतो. तळाला तपकिरी थर चिकटू लागला की अचूक वेळ झाली. काळा होऊ देऊ नका. आता भांड्यातलं कडधान्याचं पाणी एक पळीभर यात ओता आणि लाकडी उलथन्याने तो थर खरवडून घ्या. मांसाहारी सूपमध्ये जी खोल चव हाडांतून येते, तिच्या जवळ जाणारी चव तुम्हाला इथे मिळते.

अजून खोली हवी असेल तर वाळवलेले शिताके मशरूम घ्या. साधारण 10 ग्रॅम मशरूम अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून चिरून परतलेल्या भाज्यांत घाला, भिजवलेलं पाणी गाळून सूपमध्ये. टोमॅटो आणि सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतं, वाळलेल्या शिताकेमध्ये ग्वानिलेट. हे दोन एकत्र आले की उमामी, म्हणजे मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव, प्रत्येकाच्या स्वतंत्र जोरापेक्षा कितीतरी जास्त जाणवते. म्हणून दोन्ही गटांतलं एकेक घ्या. मशरूम, सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट), यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असं सगळंच एका भांड्यात ओतलं तर कडधान्याची चव हरवते. धुराची चव आवडत असेल तर स्मोक्ड पॅप्रिका अर्धा छोटा चमचा, लसणासोबत तेलात.

पाया आणि कडधान्य, पाण्यासकट, एकत्र करा. कांद्याचा अर्धा भाग, तमालपत्र आणि लसणाच्या साली काढा. आतल्या मऊ पाकळ्या दाबून सूपमध्येच सोडा, चवीला सुंदर लागतात. बटाटा, रताळं, भोपळा यांपैकी काही घालायचं असेल तर आत्ता, मोठ्या फोडी करून. मंद आचेवर वीस मिनिटं. पालेभाज्या अगदी शेवटी, पालक दोन मिनिटं, केल दहा मिनिटं. पास्ता किंवा तांदूळ सूपमध्येच शिजवू नका, वेगळे शिजवून वाढताना घाला. सूपमध्ये पडून राहिले तर सगळं पाणी पितात.

मग सुमारे एक तृतीयांश सूप काढून बारीक वाटा आणि परत ओता. सगळं वाटलं तर एकसुरी होतं, अजिबात नाही वाटलं तर दाणे आणि रस्सा वेगळे राहतात. हँड ब्लेंडर असेल तर भांड्यातच दोन-चार ठिकाणी काही सेकंद फिरवा. मिक्सरमध्ये गरम सूप घालत असाल तर भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणाची मधली टोपी काढून त्यावर कापड धरा, नाहीतर वाफेने झाकण उडून हात भाजतो.

आता चव. मीठ पूर्ण सूपच्या वजनाच्या 0.8 ते 1 टक्का या पट्ट्यात बरोबर लागतं, म्हणजे दीड किलो सूपला 12 ते 15 ग्रॅम, आणि त्यात शिजवताना घातलेलं आणि सोया सॉसमधलंही आलं. दाण्यांनी भिजताना थोडं घेतलेलं असतं, म्हणून चाखत चाखत घाला. मीठ पुरेसं असूनही सूप मंद लागत असेल तर बहुतेक वेळा आंबटाची कमतरता असते. गॅस बंद करून एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, ढवळा, चाखा, मग दुसरा. एका क्षणी सूप उजळतं, भाज्यांची चव वेगवेगळी ओळखू येते. आंबट जाणवायला लागायच्या आत थांबा. मिसो वापरत असाल तर तोही आच बंद केल्यावर, थोड्या सूपमध्ये कालवून. वाढताना वर चमचाभर चांगलं तेल आणि ताजी कोथिंबीर किंवा पार्सली.

त्या लिंबाचा आणखी एक उपयोग आहे. वनस्पतींमधलं लोह शरीराला सहज मिळत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की शोषण सुधारतं. शिजलेल्या मसुरात 100 ग्रॅममागे साधारण 9 ग्रॅम प्रथिनं आणि 8 ग्रॅम तंतू असतात. प्रथिनांच्या घटकांपैकी (अमिनो आम्लांपैकी) कडधान्यात लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यात याच्या उलट. त्यामुळे दिवसभरात कधीतरी ब्रेड, भात, काहीही धान्य खाल्लं की झालं, एकाच वाटीत दोन्ही कोंबायची गरज नाही. तुम्ही पूर्ण शाकाहारी, दूधही न घेणारे असाल तर बी-12 मात्र या सूपमधून मिळणार नाही. ते गोळीतून किंवा बी-12 घातलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं.

पोट फुगण्याचं कारण रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा. आपल्या लहान आतड्यात त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी टाकल्याने त्यातला काही भाग जातो, मोड आणले तर आणखी कमी होतो. कडधान्याची सवय नसेल तर अर्ध्या वाटीने सुरुवात करा.

डब्यातली शिजवलेली कडधान्यं घेतली तरी हे सूप होतं. 250 ग्रॅम कोरड्याच्या जागी 400 ग्रॅमचे दोन ते तीन डबे लागतात. त्यांच्याकडे स्वतःचं ताजं पाणी नसतं, म्हणून मसूर डाळ दुप्पट करा, ती आधी दीड लिटर पाण्यात शिजवून घ्या आणि पायाला दहा मिनिटं जास्त द्या.

उरलेलं सूप मोठ्या पातेल्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि दाट सूप हळूहळू गार होताना वाढायला लागतात. पसरट, उथळ डब्यांत काढा आणि 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. दुसऱ्या दिवशी स्टार्चमुळे ते घट्ट झालेलं असेल. आधी थोडं उकळतं पाणी घालून सैल करा, तळापासून ढवळत पूर्ण उकळी आणा. त्या पाण्याने मीठ आणि आंबट दोन्ही पातळ होतात, तेव्हा चिमूटभर मीठ आणि लिंबाचे चार थेंब पुन्हा घालून मगच वाढा.